वळणावरचं मीठ

प्रिय रोलंड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चष्मा शोधला असशील आणि मग तुझ्या शर्लीला हाक मारली असशील. तिला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, घाबरण्यासारखं काही नाही. मी आजारी नाही, घर विकायला काढलेलं नाही, आणि तू जाताना नेलेल्या करवती परत मागायलाही हे पत्र लिहीत नाहीये. त्या नेल्यास त्या नेल्यास. ॲरिझोनात तू त्यांनी काय कापतोस देव जाणे, निवडुंग असतील. इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकांना काही लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये. हवापाण्यापासून करते. इकडे मार्च लागला की कसं असतं ते तुला सांगायला नको. सकाळी सगळं कडक, दुपारी बुटाच्या वर चिखल. मेपलचा रस गळायला लागलाय आणि गावभर लाकडाचा धूर आणि रस आटवून केलेल्या पाकाचा वास भरलाय.

आपल्या घराखाली मात्र या वर्षी रस धरायला एकही बादली झाडाला लागली नाही. तुला वाईट वाटेल, पण कधीतरी सांगायलाच हवं. तुझ्या आजोबांनी रस्त्याच्या कडेने लावलेली मेपलची ओळ आता नाही. गेली काही वर्षं ऐन जूनमध्ये पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी व्हायच्या, मग एकेक फांदी वाळत गेली, आणि गेल्या शरदात ती सगळी तोडावी लागली. तोडायला डेक्स्टर स्वतः आला. आपल्या एमरीचा वर्गमित्र, तो आता गावच्या रस्त्यांचा मुकादम आहे. ढेरी सुटलीय, डोक्यावरचे केस गेलेत, तरी मला अजून शाळेतल्यासारखं मिसेस बेलरोज म्हणतो. टोपी हातात धरून बुंध्याकडे बघत म्हणाला, "कीड लागली होती हो, मिसेस बेलरोज. काही इलाज नव्हता." त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी त्याचे कान पाहिले आणि तरी विश्वास ठेवला. कुरणातली मागची झाडं तशीच ठणठणीत उभी होती. कीड फक्त रस्त्याकडच्याच झाडांना कशी लागली, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. मी विचारलं नाही.

या हिवाळ्यात माझ्या घरात कोणी आलं नाही असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, पण तसंच झालं. वेंडल आणि कोरिन, आपले खालचे शेजारी, ज्यांच्याकडच्या शनिवारच्या बीन्स आपण लग्न झाल्यापासून खात आलो, त्यांनीही बोलावणं बंद केलं. आधी म्हणे वेंडलला बरं नाही, मग म्हणे कोरिनच्या बहिणीकडे जायचंय, मग काही म्हणेनातच. कोरिन गाडीतून जाताना हात करायची, पण गाडी थांबवायची नाही. मागच्या सीटवर पाण्याचे रिकामे कॅन रचलेले दिसायचे. एकदा दिसले, दोनदा दिसले, मग दुसऱ्यांच्या गाड्यांतही दिसायला लागले. मी खिडकीशी बसून डोकं खाजवायची की माझं काय चुकलं. जत्रेत मी कोरिनच्या ॲपल-पायच्या आवरणाला पुठ्ठा म्हटलं होतं, तेवढ्यावरून कोणी असं करेल का? तिचं आवरण पुठ्ठ्यासारखंच असतं, ते तिलाही माहीत आहे. माणूस एकटा पडला की असले हिशेब करत बसतो. मी एका बशीत जेवायचे, तीच बशी धुवायचे, तीच फडताळात ठेवायचे. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला उलट उत्तरं द्यायची सवय लागली होती मला. एरवी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

आता त्या वळणाबद्दल लिहिते. तुला मी काय सांगणार, तिथे आपण दोघं उभे होतो. आपला एकोणीस वर्षांचा मुलगा, पाक उकळायच्या शेडमधलं काम संपवून तिन्हीसांजेला घरी यायला निघालेला, रस्त्यावर दिसू नये असा पातळ बर्फ धरलेला, आणि गाडी मिल हिलच्या उतारावरून पुलाच्या अलीकडे ओढ्यात. वेग जास्त नव्हता असं सगळे म्हणाले. सगळ्यांनी ते इतक्यांदा म्हटलं की मला शंका यायची. पुढच्या गावसभेत तू ठराव लिहिलास आणि मी उभी राहून मांडला, की त्या वळणावरचा रस्ता हिवाळाभर काळा राहिला पाहिजे, बर्फाचा कण तिथे दिसता कामा नये. एकही हात विरोधात गेला नाही. मग उन्हाळ्यात तू गेलास. तू बर्फच पडत नाही अशा ठिकाणी राहायला गेलास, आणि मी इथे राहून एका वळणावर बर्फ टिकू दिला नाही. दोघांनी एकच केलं म्हणायचं.

त्यानंतर दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी उभी राहायची, ठराव मांडायची, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, आणि सगळं सभागृह एका आवाजात हो म्हणायचं. आपल्या गावाचं तुला ठाऊक आहे. कोणी गेलं तर झाकलेलं भांडं दाराशी ठेवतात आणि बेल न वाजवता परत जातात. शब्दांनी सांत्वन करायचं म्हटलं तर इथल्या माणसांना घाम फुटतो. मला त्यांनी मीठ दिलं. बर्फाचा ट्रक इतर रस्त्यांवर जेवढं खडेमीठ टाकायचा, त्याच्या कितीतरी पट माझ्या वळणावर टाकायचा. आधी उतरताना, मग चढताना, आणि ट्रकमध्ये काही उरलंच असेल तर शेडकडे परतताना तेही तिथेच. ड्रायव्हर माझ्या खिडकीखाली दिवा एकदा लावून विझवायचा. मी पडद्याआडून हात करायची. मला फार बरं वाटायचं, रोलंड. खोटं कशाला सांगू.

जानेवारीत मी तळलेले डोनट्स घेऊन न सांगता वेंडलकडे गेले. ठरवलं होतं, ॲपल-पायच्या आवरणाबद्दल माफी मागायची आणि विषय संपवायचा. कोरिनने दार उघडलं आणि ती दारातच आडवी उभी राहिली, एवढीशी बाई, तिच्या दोन्ही बाजूंनी आतलं सगळं दिसत होतं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, टेबलाखाली, खिडकीत, जिकडेतिकडे पाण्याचे कॅन. वेंडल खुर्चीत पाय वर करून बसला होता. पाय सुजून बुटात मावत नव्हते. त्याला हृदयाचा त्रास आहे हे मला माहीत होतं. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं हेही माहीत होतं. त्याने बेकन सोडलं, लोणची सोडली, खारं लोणी सोडलं, आणि वेंडल लोणी सोडतो म्हणजे काय हे तुला कळेल. तरी सूज उतरेना. शेवटी डॉक्टरने विचारलं की पाणी कुठलं पिता. त्यांची विहीर रस्त्याला लागून, वळणाच्या बरोबर खाली. तपासलं तर विहिरीत मीठ. खालच्या चारही घरांच्या विहिरींत मीठ. वर्षानुवर्षं बर्फाबरोबर वितळून जमिनीत मुरलेलं.

मी कोरिनला विचारलं, "अगं, मग मला का नाही सांगितलंस? माझा झरा डोंगराकडचा आहे, गोड आहे, तुमच्या अंगणापर्यंत नळी टाकली असती तर पोचला असता. तुम्ही पार दुसऱ्या गावाच्या झऱ्यावरून पाणी आणता?" कोरिन एप्रनचं टोक पिळत उभी राहिली. वेंडलच खुर्चीतून म्हणाला, "तुझ्याकडे पाणी मागायचं म्हटलं की का मागतो ते सांगावं लागलं असतं ना, इर्मा. आणि तुला जेवायला बोलवावं तर हे कॅन लपवू कुठे? कोरिनच्या पोटात?" आणि मग त्याने डोनट मागितला. कोरिन म्हणाली, साखर चालते, खा. आम्ही तिघं बसलो आणि ते डोनट्स खाल्ले. सगळं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं, आणि मला वाटत होतं माझा कोणाला कंटाळा आलाय.

दुसऱ्या दिवशी मी गावच्या ट्रकांच्या शेडमध्ये गेले. डेक्स्टर ट्रकखाली आडवा होता. मी त्याच्या बुटांना विचारलं की झाडांना काय झालं होतं, खरं सांग. तो बाहेर आला तेव्हा कान लाल होतेच. त्याने सांगितलं की कीड नव्हती, मीठच होतं, आणि गावातल्या बाकी सगळ्या रस्त्यांवर त्याने मीठ निम्म्याच्या खाली आणलंय. हिमवर्षावाच्या आधी नुसतं मिठाचं पाणी फवारतात, मग बर्फ रस्त्याला धरत नाही, ट्रकच्या पात्याने सहज निघतो. उतारावर वाळू टाकतात, वेग कमी करायची पाटी लावतात. कोणी घसरलेलं नाही. फक्त मिल हिलच्या वळणावर ठरावाप्रमाणे सगळं जुन्यासारखं चालू होतं. पुलाच्या वरच्या अंगाला ओढ्यात अजून ट्राउट मासे आहेत. पुलाच्या खाली, तू एमरीला जिथे गळ टाकायला शिकवलंस त्या डोहात, काही नाही. दगड उलटला तर त्याखाली अळीसुद्धा नसते. वेंडल म्हणतो तिथे आता समुद्रातले हेरिंग मासे सोडा, ते खूश राहतील. आणि वर मीठ चाटायला मूस जातीची दांडगी हरणं रस्त्यावर येतात, गेल्या वसंतात कोरिनने एकाला चुकवताना गाडी कुंपणात घातली. मी डेक्स्टरला म्हटलं, मग तू सभेत बोलला का नाहीस, हे तुझं काम आहे. तो म्हणाला, "मी काय बोलणार, मिसेस बेलरोज? मी त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता." मग तो पुन्हा ट्रकखाली गेला. तिथे त्याचं काम संपलं होतं असं मला वाटतं.

फेब्रुवारी माझा कसा गेला विचारू नकोस. ठरवायचं असं काही नव्हतंच. वेंडलच्या विहिरीत मीठ आहे म्हटल्यावर दुसरं काय ठरवणार? पण मन ऐकत नव्हतं. दर सकाळी वाटायचं, ठराव सोडला आणि पहिल्याच हिमवर्षावात तिथे कोणाची गाडी घसरली तर? दुसऱ्या कोणाचा मुलगा? आणि त्याहून वाईट, लाज वाटते लिहायला, असंही वाटायचं की त्या वळणावर बर्फ बसला म्हणजे गावाने ते विसरून टाकलं. मी रस्त्यापर्यंत चालत जायची, पुलावर उभी राहायची, खाली बघायची. ओढा अर्धा गोठलेला, वरून दिसायला काही फरक नाही. मी एकदा हातमोजा काढून पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखलं. मला चव कळली नाही. एवढ्या थंडीत कशाचीच कळत नाही.

आणि मग सभेचा मंगळवार आला. शाळेचं सभागृह भरलेलं, मागे टेबलावर झाकलेली भांडी, बायकांची विणकामं, सगळं तू सोडून गेलास तसंच. मी कोरिनला आदल्या दिवशी सांगितलं होतं की मी उठणार नाही, ठराव कोणी मांडलाच नाही तर आपोआप बाजूला पडतो, मला भाषण करायला लावू नका. तिने ते वेंडलला सांगितलं नाही. मला विचारशील तर मुद्दामच. त्याने अडवाअडवी केली असती. सभेचा अध्यक्ष अजून ऑल्डनच आहे, आता दोन चष्मे लावतो. त्याने ठराव वाचला. "एमरी रोलंड बेलरोज याच्या स्मरणार्थ, मिल हिलच्या वळणावरचा रस्ता हिवाळाभर बर्फमुक्त ठेवण्यात यावा काय?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले. विणकामाच्या सुया थांबल्या. ऑल्डनने घसा साफ केला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला उठायचं नव्हतं, आणि माझे पाय उठायला निघाले होते.

तेवढ्यात वेंडल उठला. काठीवर भार देत, सुजलेल्या पायांवर, धापा टाकत. त्याला वाटलं मला रडू आवरत नाहीये म्हणून मी उठत नाही. म्हणाला, "तिला जमत नसेल तर मी मांडतो. यात विचारायचं काय आहे?" ज्याच्या विहिरीत ते मीठ उतरलं, ज्याचं हृदय त्या मिठाने बुडत चाललंय, तो माणूस माझ्यासाठी उभा राहिला होता. आणि मला ठाऊक होतं, त्याने मांडलं की डझनभर लोक अनुमोदन देतील, प्रेमाने, आणि सगळे हो म्हणतील. मग मला उठावंच लागलं. मी म्हटलं, "वेंडल, खाली बस. एमरी तुझ्या विहिरीत नाहीये." आवाज एवढा मोठा लागला की मलाच धक्का बसला. मग मी ऑल्डनला सांगितलं की हा ठराव मला नको, पुढच्या वर्षी छापूही नका, आणि डेक्स्टर बाकीच्या रस्त्यांचं जे करतो तेच इथेही करू दे. वेंडल उभाच होता. कोरिनने त्याची बाही ओढली तेव्हा तो बसला. ऑल्डनने चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाला की ठराव मांडला गेला नाही, पुढे जाऊ. पुढचा ठराव अग्निशामक गाडीच्या नळ्यांचा होता. त्यावर लोक दुपारपर्यंत भांडले.

जेवणाच्या वेळी माझ्याशी कोणी काही बोललं नाही, पण माझी बशी मी एकदाही भरली नाही. जो जवळून जायचा तो काहीतरी वाढून जायचा. बीन्सवर बीन्स. डेक्स्टरने पावाचा मोठा तुकडा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. त्या शनिवारी वेंडलकडून बोलावणं आलं. आता माझ्या झऱ्यापासून त्यांच्या घरापर्यंत नळी टाकायची आहे, बर्फ गेला की. तोवर मी रोज दोन कॅन घसरगाडीवरून नेऊन देते. डेक्स्टर म्हणतो विहिरी गोड व्हायला वर्षं लागतील. ओढा लवकर सुधारेल, वाहतं पाणी आहे. वेंडल म्हणतो, त्याच्याकडे तेवढी वर्षं आहेत का ते आधी डॉक्टरला विचारून सांगतो. कोरिन त्याला गप्प बस म्हणते.

गुरुवारी बर्फ पडला. डेक्स्टरचा ट्रक आला, खरवडून गेला, उतारावर वाळू टाकली. दिवा लावला नाही, विसरला असेल, किंवा लावावा की नाही कळलं नसेल. मी खिडकीशी उभी राहिले. वळण पांढरं होतं. त्या वर्षानंतर मी ते पहिल्यांदा पांढरं पाहिलं. गाड्या हळू येत होत्या, पुलाशी आणखी हळू होत होत्या, आणि पलीकडे जात होत्या. प्रत्येक गाडी पलीकडे जाईपर्यंत मी श्वास धरून ठेवत होते. अजूनही धरते. ते जाईल असं मला वाटत नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. गावात आपल्या एमरीचं नाव कोणी घेत नाही. मला त्रास होईल म्हणून घेत नाहीत, मला माहीत आहे. कोरिन "ते झालं तेव्हा" असंच म्हणत आली, आणि डेक्स्टर तर त्याचा जिवलग, तोसुद्धा नुसतं "त्याच्या" म्हणाला. वर्षातून एकदा ऑल्डन तो ठराव वाचायचा आणि भरल्या सभागृहात आपल्या मुलाचं पूर्ण नाव मोठ्याने ऐकू यायचं. मी मिठासाठी उभी राहत नव्हते, रोलंड. मी ते नाव ऐकायला जात होते. परवा भांडी घासताना हे माझ्या ध्यानात आलं आणि मी हात तसेच पाण्यात ठेवून उभी राहिले. आता ते कोणी वाचणार नाही. मी घरात एकटीने मोठ्याने घेऊन पाहिलं, पण ते हाक मारल्यासारखं होतं आणि मग मी उत्तराची वाट बघत बसते. म्हणून तुझ्याकडे एक मागते, आणि शर्लीची हरकत नसावी. पुढच्या मार्चच्या पहिल्या मंगळवारी मला फोन कर. हवेबद्दल विचारू नकोस, माझ्या तब्येतीबद्दल विचारू नकोस. त्याचं पूर्ण नाव घे, मधलं तुझं नाव धरून, सावकाश. मी ऐकत असेन. मग हवं तर ठेवून दे.

एमरीची आई, आणि त्या नात्याने अजून तुझीच,
इर्मा